रामटेके काकांचं एम.ए.

रामटेके काका टमाटरसुद्धा मतदानाने घेत. रायपूरच्या गुढियारीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीचा ठेला लागतो. तिथे चार बाया जमल्या की काका पुढे होत. "टमाटर नरम आहेत असं ज्याइले वाटते त्याइनं हात वर करा." बाया पदर तोंडाला लावून हसत, पण हात वर करत. भाजीवाला वैतागे. "काका, वोट बाद में डलवाना, पहले तौलवा तो लो!"

"प्रक्रिया पाहिजे ना बापा," काका शांतपणे म्हणत.

हे त्यांचं पालुपद. नाली साफ करायची असो की जयंतीची वर्गणी, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात कोण, हे झाल्याशिवाय काका हलू देत नसत. एकदा कोणीच विरोधात नव्हतं, तर त्यांनी स्वतःच हात वर केला. "सगळेच हो म्हणून राहिले म्हणजे काहीतरी गडबड हाय."

काका राज्यशास्त्रात एम.ए. नोकरी मात्र पंडरी बाजारातल्या ठोक कपडा दुकानात कापडाची थानं उलगडायची. तिथला सेठ त्यांना नावाने हाक मारत नसे. "ए एम.ए., वो गुलाबी वाला दिखा." सगळे गुमास्ते हसत. काका गुलाबी थान काढून देत.

घरात दोनच मतं. बरोबरी झाली तर काकूंचं मत निर्णायक, हा नियम काकांनीच केलेला. काकू गेल्या तेव्हा समोरच्या खोलीची एक भिंत निळी रंगवून झाली होती, बाकीच्या तशाच राहिल्या. मी एकदा विचारलं, "काका, रंग काहून नाही करत?"

"कोरम नाही ना भाऊ."

मी हसलो होतो. ते हसले नव्हते.

आता जे सांगायचं ते. मी नवा रायपूरच्या एका दफ्तरात लेखाधिकारी आहे. बोलतो कमी, आणि घरात तर त्याहून कमी. माझी मुलगी समीक्षा बारावी झाली आणि म्हणाली, राज्यशास्त्र घेणार. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. फी किती, वर्षं किती, शेवटी हातात काय. पण मुलीशी वाद घालायची हिंमत नव्हती. मी गल्लीत काकांना गाठलं.

"तुम्ही सांगा ना तिला. तुमच्या डिग्रीचं काय झालं ते."

"म्हंजे माहंच उदाहरण देऊ म्हणता?"

"तुमचं ऐकेल ती. इतवारी या, पोहे खायला."

"हव," ते म्हणाले.

इतवारी काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. बसले आणि लगेच कामाला लागले.

"ऐक पोट्टी. भाव विचारशील तं काहीच नाही. माह्यासंगं आठवी नापास गुमास्ता होता, त्याले अन् मले एकच पगार. नोकरीसाठी फिरलो तं लोक म्हणत, एम.ए. ठीक हाय, टायपिंग येते का? राज्य तं सोडच, सेठनं मले गल्ल्यावरही नाही बसवलं."

हसत हसत सांगत होते. मला हवं होतं अगदी तसं. मी त्यांच्या ताटलीत पोहे वाढत होतो.

समीक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वो सब ठीक है काका. पर क्लास में सर पढ़ाते क्या थे?"

काकांचा चमचा थांबला. चेहरा एकदम वेगळाच झाला, तोंड उघडलं, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं. मी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत बसलो.

"विसरलो पोट्टी," काका म्हणाले. "लई दिवस झाले."

समीक्षा उठून आत गेली.

दाराशी एका पायात चप्पल सरकवून काका हळूच म्हणाले, "बरोबर बोललो ना भाऊ? तुमाले पाहिजे तसंच?"

"हो काका."

"मग पुढच्या इतवारीही येऊ का?" त्यांची नजर खाली होती. "अजून वाईट सांगता येईल मले."

आमची दारं समोरासमोर. इतक्या वर्षांत मी या माणसाला कधी पोह्याला बोलावलं नव्हतं. बोलावलं ते त्याच्याच तोंडून त्याची किंमत शून्य करून घ्यायला. ताटलीभर पोह्यांत त्याने ती करूनही दिली.

मी आत हाक मारली. "समीक्षा, बाहेर ये. काकांना परत विचार."

"क्या?"

"तेच. सर काय शिकवत ते."

काकांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मान खाली घातली नाही.

"पहिल्या दिवशी," ते म्हणाले, "सरनं फळ्यावर काहीच नाही लिहिलं. म्हणे, समजा हा वर्ग म्हणजे गाव, अन् गावात विहीर एकच. पाणी आधी कोण भरेल? अन् हे ठरवेल कोण? मी मागच्या बाकावर. आमच्या गावात तं ते ठरूनच होतं पोट्टी. मले वाटे, आभाळातूनच ठरून येत असंल. ते माणसानं ठरवलेलं असते, अन् माणसाले बदलवता येते, हे मले त्या दिवशी समजलं. त्या रात्री मले झोप नाही..."

समीक्षाने खुर्ची आणून ठेवली. खुर्ची त्यांना दिसलीच नाही. एका पायात चप्पल, दुसरा पाय उंबऱ्याच्या आत. काका बोलत राहिले.