चांदीचं माहेरपण

आबाराव रोज सकाळी अंगणात उभे राहून कचेरीतल्यासारखा पुकारा करत. "चांदीबाई हाजिर है?" खुंट्याला बांधलेली पांढरी शेळी मान वर करून ओरडे. मग ते माझ्याकडे वळून समाधानाने म्हणत, "हाजिर हाय. चला मास्तर, कामकाज चालू करा."

निजाम सरकारच्या कचेरीत हाकिमापुढे दावे मांडायची पेशकारी हयातभर करून ते आता वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, होते. कचेरी सुटली, पण तिची भाषा काही सुटली नाही. भाजीवालीने भाव वाढवला की "दरख्वास्त नामंजूर", पाऊस लांबला की "तारीख पुढं गेली". बायको वारलेली, एकुलती लेक गोदा लिंबागणेशला दिलेली. मी नुकताच हैद्राबादेहून बी.ए. होऊन बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मास्तर म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला. परक्या गावात कुणी ओळखीचं नव्हतं. आबारावांनी मला खोली दिली आणि वर सकाळची भाकरीही. ती ते स्वतः थापत. तिचा आकार जहागिरीच्या नकाशासारखा असे, कडा कुठून कुठे वळेल सांगता येत नसे. पण त्या भाकरीचे उपकार मी विसरलेलो नाही.

अशा या माणसाने, ज्याने जन्मात कोंबडीसुद्धा पाळली नव्हती, एका बाजाराच्या दिवशी गाभण शेळी आणली.

"दुधाला?" मी विचारलं.

"दूध तर हायेच," ते म्हणाले आणि विषय बदलला.

शेळीचा थाट गाभण शेळीचा नव्हताच, पहिलटकरीण लेक माहेरी आल्याचा होता. तिला उन्हात बसू देत नसत. पाणी कोमट. ग्रहण लागलं त्या दिवशी तिला घरात घेऊन दार लावून बसले आणि विळी उचलून माळ्यावर ठेवली. आंबट खावंसं वाटत असेल म्हणून चिंचेचा पाला आणत. तो मात्र ती खरोखरच आवडीने खाई, त्यामुळे आबारावांचा आपल्या शास्त्रावरचा विश्वास वाढत गेला.

शेजारी साळूबाई धनगरीण राहायची. तिची शेरडं-मेंढरं अंगणाच्या कुडापलीकडेच बसत. एके सकाळी आबाराव तिला म्हणाले, "साळूबाई, सातव्या महिन्यात हिचं डोहाळजेवण करायचं म्हणतो. अजून लई येळ हाय."

साळूबाई कुडाला धरून हसत खालीच बसली. "आवो पेशकार, शेरडू पाच महिन्यांत मोकळं होतं. ही कास बघा की तिची. आठ-पंधरा दिसांत पिल्लू येईल अंगणात, आन् तुमी सातव्याची वाट बघताय."

आबारावांचा चेहरा उतरला. मुदत संपलेला दावा हातात आल्यावर जसा उतरत असेल तसा. मी मदरशात गेलो आणि इकडे त्यांनी राहिलेले सगळे डोहाळे त्याच दुपारी उरकून टाकले. शिजवलेली ज्वारी, गूळ, बाजरीचा घाटा, वर भिजवलेले हरभरे. शेळीनेही नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी मी परतलो तेव्हा चांदीची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. ती पाय झाडत होती, दात खात होती. आबाराव तिच्यापाशी मातीत बसले होते. पुकारा नाही, कचेरीची भाषा नाही.

"मास्तर, ही गेली तर मी लिंबागणेशला काय तोंड दाखवू?"

शेळीचा आणि लिंबागणेशचा काय संबंध, ते मला कळेना. मी धावत साळूबाईला आणलं.

"कावून असं केलं बे म्हाताऱ्या?" ती कडाडली. आबारावांना 'बे' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. "पोटुशा बाईला चारतोय का शेरडाला? दाना मूठभर द्यावा, बाकी बोरीचा पाला, हरभऱ्याचं भुसकट. लाडानं जीव घेशील तिचा."

तिने चांदीचे पुढचे पाय ओट्यावर ठेवायला लावले, हिंग घातलेलं गोडं तेल थोडं थोडं पाजलं आणि कूस चोळायला आबारावांना बसवलं. ते चोळत राहिले. हात भरून आले तरी मला हात लावू देईनात. बऱ्याच वेळाने चांदीने मोठा ढेकर दिला. आबारावांनी डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "जामीन मंजूर."

त्यानंतर साळूबाई सांगेल तोच चारा, सांगेल तितकाच. तिने दोन पिल्लांचं भाकीत केलं होतं, झालं एकच; पण ठणठणीत, कपाळावर काळा टिळा असलेलं.

पिल्लू उड्या मारायला लागलं तेव्हा एके सकाळी दारात बैलगाडी उभी. आबारावांनी डोईला पागोटं बांधलं होतं. गाडीत चांदी, पिल्लू आणि मेंढरं टाकून यावं लागलं म्हणून रुसल्यासारखी बसलेली साळूबाई.

"मास्तर, गाडीत बसा. गवाही द्यायची हाय."

मग कळलं. गोदाला पहिल्यांदा दिवस गेले होते. बाळंतपणाला माहेरी आणायला आबाराव गेलेही होते. पण विहीणबाई म्हणाल्या, ज्या घरात बाईमाणूस न्हाई, तिथं पोटुशी सून कशी धाडावी? तुमाला काय येतंय?

"म्हटलं, आधी शिकून घ्यावं," आबाराव बैलांकडे बघत म्हणाले. "मुद्देमाल संगं घेतलाय. तुमी दोघं गवाह."

"मी काय सांगू?"

"बघितलं ते. पोट फुगलेलं बी सांगा. लपवायचं न्हाई."

"ते नका सांगू मास्तर," साळूबाई म्हणाली, "न्हाईतर पोरगी ऱ्हाती तितंच."

लिंबागणेशला विहीणबाई ओसरीवर आल्या. जन्मभर दुसऱ्यांचे दावे पुढे मांडणारे आबाराव आम्हांला पुढे करून मागे सरले. मी पोट फुगल्याचंही सांगितलं, हात भरून येईतो कूस चोळल्याचंही. साळूबाईनं मात्र एकच सांगितलं, "इहीणबाई, माझ्या आईनं मला एवढं जपलं न्हाई."

विहीणबाईंनी पिल्लाच्या कपाळावरच्या टिळ्यावरून बोट फिरवलं. मग गडीमाणसाला म्हणाल्या, "गाडीत कडबा जास्त घाल रं. वाट लई धक्क्याची हाय."

आबाराव दारापाशी गेले. जेमतेम ऐकू येईल असा त्यांनी पुकारा केला.

"गोदाबाई हाजिर है?"

आतून बांगड्या वाजल्या. "हाजिर हाय, आबा."