रामरावांची दोन शिटांची गाडी

आष्टीहून पाव्हणे निघाल्याचा फोन आला तेव्हा घरात सगळी तयारी झाली होती. बैठकीच्या गाद्यांवर धुतलेल्या चादरी होत्या, पोह्यांवर कोथिंबीर होती, अर्पिताच्या अंगावर आईची मोरपंखी रेशमी साडी होती. फक्त मुलीचे वडील जागेवर नव्हते. म्हणजे जागेवर होते, पण भलत्याच. अंगणातल्या लाल रंगाच्या, दोन शिटांच्या, बिनटपाच्या गाडीत स्टिअरिंग आणि पाठ यांच्यामध्ये रामराव घट्ट बसले होते आणि त्यांना बाहेर निघता येत नव्हतं.

"अर्पे," ते घराच्या खिडकीकडे बघून हळूच म्हणाले, "आईला सांगू नको. पण मला जरा ओढ."

रामरावांचं वाटूर फाट्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. ही गाडी त्यांना एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये सापडली. कुणी म्हणे ती एका नवाबाच्या मेव्हण्याची, कुणी म्हणे शर्यतीत पळालेली, आणि रखमाजी शेजारी तर शपथेवर सांगायचा की हिनं एकदा पुढं पळणाऱ्या आगगाडीला हॉर्न देऊन बाजूला व्हायला सांगितलं होतं. सापडली तेव्हा तिच्यात इंजिनापेक्षा उंदीर जास्त होते. इंजिनियर झालेल्या अर्पितानं आणि तिच्या बापानं तिला नटापासून उभी केली. अर्पिता मोबाईलवर नकाशे बघून काम करायची, रामराव हातोड्याकडे बघून. तिला सगळं अस्सल हवं असे, त्यांना सगळं कायम. त्यामुळे गाडीचा रंग अस्सल होता आणि हॉर्न ट्रॅक्टरचा होता.

शिटांवरून तर मोठं भांडण झालं होतं. मूळच्या शिटा मागेपुढे सरकायच्या.

"सरकती शीट म्हंजी खडखड," रामराव म्हणाले होते. "माणूस कसा एका जागी बसला पाहिजे!" आणि त्यांनी ट्रॅक्टरचे बोल्ट खालून आवळून दोन्ही शिटा जाम करून टाकल्या. पहिल्यांदा गाडी अर्पिता चालवणार, म्हणून चालकाची शीट तिच्या मापानं, पार पुढं.

आता रामराव एका जागी बसले होते.

तसा त्यांचा बेत साधा होता. नवे कपडे घातले, टोपी घातली, पाव्हणे यायला वेळ आहे, तेवढ्यात जरा बसून बघू. पण उभा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. ट्रॅक्टरवर चढावं लागतं, या गाडीत मात्र विहिरीसारखं उतरावं लागतं. बसताना आपल्याला काही करावं लागत नाही, धरणी सगळं करते. उठताना तीच धरणी हात आखडता घेते.

अर्पितानं काखेत हात घालून ओढलं. स्टिअरिंग पोटात रुतलं आणि कमरेत काहीतरी कटकन वाजलं.

"थांब थांब थांब! उसण भरली! सोड!"

ती आरोळी ऐकून अर्पिताची आई साळूबाई हातात झारा घेऊनच बाहेर आल्या.

"अवो, हे काय करून राह्यले?"

"बसलोय."

"ते दिसून राह्यलं. उठा!"

"उठता आलं असतं तर तुला बोलू दिलं असतं का?"

साळूबाई मटकन पायरीवर बसल्या. बसण्यासारखंच होतं. कारण येणारे पाव्हणे काकासाहेब होते.

काकासाहेबांचा मान हा सगळ्या परतूर तालुक्याला माहीत असलेला विषय. मुलासाठी त्यांनी जितकी स्थळं बघितली तितकी उभ्याउभ्या मोडली. एका ठिकाणी मुलीचे वडील स्वागताला उठायला जरा उशीर करून बसले, तर हे परत. एका ठिकाणी पाण्याआधी चहा आला, तर हे परत. एका घरी तर त्यांनी नुसतं बैठकीकडे बघितलं, "इथं मान राह्यला न्हाई" म्हणाले आणि जिन्यावरूनच माघारी फिरले. आणि नेमका त्यांचाच मुलगा राजानंद अर्पिताला जालन्याच्या भंगारबाजारात भेटला होता. दोघांनी एकाच वेळी एकाच गोल आरशाला हात घातला. आरसा गाडीला लागला. त्यानंतर मात्र दर रविवारी गाडीसाठी काही ना काही जालन्याहून आणावंच लागायचं. रामरावांना वाटायचं, जुन्या गाडीला सामान फार लागतं.

"आई, मी जॅक लावते अन् खालून बोल्ट काढते," अर्पिता म्हणाली. "शीट मागं सरकली की आबा सुटतील."

"रेशमी साडीत गाडीखाली? मी पाव्हण्यांना सांगितलंय, आमची पोरगी गॅरेजच्या दारात बी जात न्हाई!"

"मंग साडी बदलते."

"अन् परत कधी नेसायची? ते परतूरच्या पुढं आले असतील!"

एवढ्यात कुंपणापलीकडून रखमाजी आला. रखमाजीचा स्वभाव असा, की अडचण बघितली की त्याच्यानं घरी राहवत नाही. त्यानं गाडीला एक चक्कर मारली.

"वहिनी, सरकीचं तेल आना. अंगठी निघती तसा माणूस निघतो."

दुसरं काही सुचत नसल्यामुळे वाटीभर तेल आलं. रखमाजीनं ते रामरावांच्या पोटावर आणि स्टिअरिंगवर सढळ हातानं सोडलं. तेलाचा गुण आला. फक्त उलट्या दिशेनं. रामराव हळूहळू, आवाज न करता आणखी खाली गेले. आता बाहेर टोपी, मिशा आणि दोन घाबरलेले डोळे एवढंच उरलं होतं.

"रखमाजी," मिशा हलल्या, "तू घरी जा."

तेवढ्यात फाटकापाशी जीप थांबली.

काकासाहेब उतरले. उंचेपुरे, फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. मागे राजानंद आणि भावकीतले चार धट्टेकट्टे लोक. काकासाहेब अंगणाच्या मधोमध ताठ उभे राहिले आणि वाट बघू लागले. अर्पिता आत पळाली होती; तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज धरला.

"मुलीचे वडील दिसून न्हाई राह्यले," काकासाहेब म्हणाले.

"हितं हाय, हितं!" गाडीतून आवाज आला. "या या, पाव्हणं! राम राम!"

काकासाहेबांनी खाली बघितलं. भुवया वर चढल्या. काठी जमिनीवर एकदा आपटली. सगळ्या भावकीला माहीत होतं की दुसऱ्यांदा आपटली की जीप सुरू करायची असते.

साळूबाई पुढं झाल्या. आयुष्यात त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे सरावाअभावी पहिलंच खोटं फार मोठं निघालं.

"राग मानू नका, पाव्हणं. आमच्याकडं नेम हाय. नवी गाडी उभी राह्यली की पूजा होईस्तोवर मालकानं गाडीतून उतरायचं न्हाई. राजूरच्या गणपतीला नेऊन आणली की मंग उतरतात."

काकासाहेब विचारात पडले. रीतिरिवाजाची गोष्ट निघाली की त्यांचा सूर मवाळ व्हायचा.

"आसं? नेम हाय म्हंता? मंग बराबर हाय. माणसानं नेम मोडू नये." साळूबाईंनी श्वास सोडला. "पण राजूर लांब हाय. तवर काय ह्यांना असंच ठेवता? घरची पूजा चालती की! नारळ आना. मीच करतो."

साळूबाईंनी सोडलेला श्वास परत आत घेतला.

काकासाहेबांनी पूजा अगदी सांगोपांग केली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. हार घालायला त्यांना वाकता येईना म्हणून त्यांनी तो काठीनंच आरशाला अडकवला. रामराव आतून मनोभावे हात जोडून बसले होते आणि पूजा जितकी लांबेल तितकी बरी असं त्यांना वाटत होतं. पण आरती झाली, खोबरं वाटून झालं.

"झालं," काकासाहेब म्हणाले. "नेम फिटला. उतरा आता. गळाभेट घेऊ."

कुंपणावर रखमाजीसकट अर्धी गल्ली गोळा झाली होती. रामरावांच्या टोपीखालून घामाचा ओघळ निघाला, मिशीत शिरला.

"उतरलो असतो, पण..." ते म्हणाले. "पण अजून एक नेम हाय. पूजा झाल्यावर बाजूच्या शिटावर आधी मानाच्या पाव्हण्यानं बसायचं. त्याबिगर उतरलं तर गाडी लाभत न्हाई."

रामरावांनी हात लांबवून बाजूचं दार उघडलं. काकासाहेबांनी शिटाकडे बघितलं. शीट जमिनीपासून वीतभर. आणि रामरावांनी आपल्या पाव्हण्याच्या चेहऱ्यावर, स्वतःला वाटत होती तीच भीती पसरताना बघितली. पण ती क्षणभरच. पुढच्या क्षणी काकासाहेब गरजले.

"रामराव! पाव्हण्याला खड्ड्यात बसवता? हा मान हाय का अपमान? चल रे राजा, जीप सुरू कर!"

काठी दुसऱ्यांदा आपटली.

"दादा, आता बास करा," राजानंद बापापुढं काकुळतीला येऊन म्हणाला. "बिलकुल काही झालेलं न्हाई."

"चल म्हनलं ना!"

खिडकीत अर्पितानं डोळे मिटले. ते रामरावांनी बघितलं. आपल्या बोल्टांपायी लेकीचं जमलेलं मोडतंय, हे त्यांना बसल्या जागी कळलं, आणि त्यांनी उघड्या दारातून हात काढून काकासाहेबांचा पंजा धरला.

"पाव्हणं, पाया पडतो. एक डाव बसा."

"सोडा हात!"

"न्हाई सोडत!"

काकासाहेबांनी हिसका दिला. रामरावांचा हात तेलाचा, तो सटकला. काकासाहेब जागच्या जागी गर्रकन फिरले, गुडघा लटपटला आणि ते पाठमोरे, फेट्यासकट, उघड्या दारातून बाजूच्या शिटात धाडकन येऊन पडले. काठी बाहेर राहिली.

काकासाहेबांनी उठायला दोनदा जोर लावून बघितला.

"रामराव," काकासाहेब अगदी हळू म्हणाले, "मला धरू नका."

"म्या कुठं धरलंय?"

"मंग मला उठता का येईना?"

रामरावांनी मान वळवली. तेवढीच वळत होती. "पाव्हणं, खरं सांगू का? मला बी मघापासून उठता येईना. नेम-बिम काही न्हाई."

काकासाहेब समोरच्या काचेकडे बघत ओठ न हलवता म्हणाले, "माझे गुडघे गेलेत. घरात बी कुणाला सांगितलं न्हाई. एकदा खाली बसलो तर दोघांनी उचलावं लागंल. जिथं जातो तिथं मेली गादी! जमिनीवर! म्हनून उभ्याउभ्या भांडण काढून परत जातो. पोराची किती स्थळं मोडली मी, माझं मलाच माहीत."

"अरारारा," रामराव कळवळून म्हणाले. "आमच्याकडं बी गादीच अंथरली होती."

"वास आल्ता मला. म्हनून तर अंगणातच थांबलो."

तेवढ्यात गाडी खालून कण्हली आणि एका बाजूनं वर उचलली गेली. अर्पितानं पदर खोचला होता, जॅक लावला होता आणि आईच्या हाकेकडे लक्ष न देता मोरपंखी साडीसकट गाडीखाली शिरली होती. साळूबाईंनी झारा कपाळाला लावला.

"खाली कोन हाय?" काकासाहेब दचकले.

"मी अर्पिता. हलू नका, बोल्ट काढून राह्यले."

"तुझी आई तर म्हनली, तू गॅरेजच्या दारात बी जात न्हाईस!"

"दारात न्हाईच जात. आतच असते."

काकासाहेबांच्या पोटातून एक विचित्र आवाज निघाला. भावकीला तो ओळखू आला नाही, कारण काकासाहेबांना हसताना त्यांनी फारसं ऐकलं नव्हतं.

"पोरी, आधी माझी शीट काढ."

"आधी आबांची. ते आधीपासून बसलेत."

"बराबर हाय," काकासाहेब म्हणाले. थोडा वेळ पान्याची कुरकुर ऐकत राहिले. मग मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी पसंत हाय! माझं उठणं-बसणंच जिच्या हातात हाय, तिला नको कसं म्हनू? राजा, तुझं काय?"

राजानंद उत्तर द्यायला जागेवर नव्हता. तो पाना द्यायला म्हणून गाडीखाली गेला होता. त्यानंतर बोल्ट निघायला जरा जास्तच वेळ लागला.

शेवटी दोन्ही शिटांचे बोल्ट निघाले. शीट मागं सरकली, रामरावांचं पोट मोकळं झालं. पण उसण मोकळी झाली नव्हती आणि काकासाहेबांचे गुडघेही तिथंच होते. मग अर्पितानं भावकीला हाक मारली. माणसांना गाडीतून काढण्याऐवजी शिटांसकटच उचललं. दोघांनी रामरावांची शीट धरली, दोघांनी काकासाहेबांची. दोन्ही व्याही शिटावर ताठ बसून, एकाच्या मांडीवर काठी आणि दुसऱ्याच्या पोटावर तेल, शेजारीशेजारी अंगणातून घरात गेले आणि दिवाणावर ठेवले गेले. पोहे तिथंच झाले.

"इवाई," काकासाहेब घास घेत म्हणाले, "लई उंच बैठक हाय तुमची. मान राखलात."

आता बाहेर कुंपणावर जी गल्ली होती तिला गाडीतलं हळू बोलणं ऐकू गेलं नव्हतं. तिनं एवढंच लक्षात ठेवलं की आष्टीच्या काकासाहेबांना, जे कुठंच बसत नाहीत त्यांना, लाल चामड्याच्या शिटावर बसवून चौघांनी घरात नेलं आणि स्थळ तिथल्या तिथं जमलं. रखमाजीनं संध्याकाळपर्यंत ही बातमी फाट्यावर पोचवली, आणि रखमाजीच्या हातून गेलेली बातमी कधी लहान होत नाही. पुढच्याच लग्नसराईत वाटूरच्या एका वरपित्यानं मांडवाच्या दारात पाय रोवले. "आम्हाला शिटावर न्हाई नेणार का?" त्यांना नेलं. मग मंठ्याचे आले, मग सेलूचे. शिटाशिवाय व्याही आत येईनात. रामरावांना नाही म्हणता येईना. लेकीचं भलं करणाऱ्या वस्तूला नाही कसं म्हणायचं?

अर्पिता आणि राजानंद सणावाराला वाटूरला येतात. अर्पिता बॉनेट उघडते, इंजिन सुरू करते. ते इतकं गोड चालतं, की रामराव डोळे मिटून ऐकत उभे राहतात. उभेच राहतात, कारण बसायला काही नसतं. शिटा कुठल्यातरी लग्नाला गेलेल्या असतात.

परवा परभणीकडचे एक गृहस्थ शिटा न्यायला आले. रामरावांनी हात जोडले.

"आवो, एक डाव अख्खी गाडीच न्या ना. लेक चालवत आणून देईल तुमच्या मांडवापर्यंत. शिटा बी पोचतील अन् गाडीचं बी एकदा चाक फिरंल!"

गृहस्थांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवर बोटानं टिचकी मारली. आत डोकावून बघितलं आणि नाक मुरडलं.

"नुसत्या शिटाच द्या, काका," ते म्हणाले. "मांडवात आधीच जागा कमी. ही पेटी आम्ही ठेवायची कुठं?"