चार वाक्यांत भाऊ

मालकीणबाईंनी कार्ड पुढे सरकवलं तेव्हा भाऊंनी ते आधी उलटं करून पाहिलं. मागेही काही लिहिलेलं असेल, अशी त्यांना आशा होती. मागची बाजू कोरी होती. पुढे चार वाक्यं होती, नंबर घालून: या, बसा. उत्तम निवड. आणखी काही आणू? जेवण कसं वाटलं?

"एवढंच?" भाऊंनी विचारलं.

"एवढंच. आठवडाभर टेबलाजवळ याच्यापलीकडे एक शब्द काढायचा नाही. जमलं तर हॉल तुमचा. नाही जमलं तर मागे भांडी. तिथे बोला हवं तेवढं, ऐकायला कोणी नसतं."

आता खरं सांगायचं तर मालकीणबाईंचंही काही चुकलं नव्हतं. भाऊ त्या हॉटेलात चोवीस वर्षं वेटर होते आणि चोवीस वर्षांत त्यांच्या जिभेला कुणालाही हाड सापडलं नव्हतं. "ताई, फोन ठेवा, गार होतंय." "हे दोघांत पुरायचं नाही, उगीच भांडाल." अशी त्यांची भाषा. त्यापायी वर्षभरात तीन लेखी तक्रारी आल्या. पहिली एका गृहस्थांची. तळलेले बटाटे मागवल्यावर भाऊंनी त्यांच्या पट्ट्याच्या शेवटच्या भोकाकडे नुसतं बोट दाखवलं होतं. दुसरी एका बाईंची. त्यांच्या मुलांना भाऊंनी 'भूक नसेल तर उठा' असं ऐकवलेलं त्यांना खपलं नाही. तिसरी एका तरुणाची. तो एका मुलीला पहिल्यांदाच जेवायला घेऊन आला होता आणि भाऊ मोठ्या काळजीने म्हणाले होते, "हे सूप नको. मागच्या आठवड्यातल्या ताईंना आवडलं नव्हतं."

मागची भांड्यांची खोली म्हणजे एक चिंचोळी जागा. एक मोठी मोरी, एक घरघरणारं मशीन, आणि भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. कामाला भाऊ कधी भ्यायले नाहीत, पण तिथे बोलायला माणूस नव्हता. माणसाशी बोलल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. आणि घरी तरी कुणाशी बोलणार? बायको शिवणकाम करायची. दिवसभर तोंडात टाचण्या. भाऊंनी कितीही मोठी हकिगत सांगितली तरी तिकडून उत्तर एकच यायचं, "हं."

तेव्हा भाऊंनी कार्ड खिशात घातलं आणि जीभ दातांखाली धरली.

सहा दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाथरूम कुठे आहे असं कुणी विचारलं, की भाऊ "उत्तम निवड" म्हणून बोट दाखवत. एका पोराने पाण्याचा ग्लास आडवा केला, तर "आणखी काही आणू?" म्हणत फडकं घेऊन आले. एक नेहमीचा माणूस, नोकरी गेली म्हणून मान खाली घालून बसला होता. भाऊ त्याच्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या, बसा." तो बसलेलाच होता. पण त्याला बरं वाटलं असावं, कारण तो थोडं जेवला.

सातव्या दिवशी दुपारचं जेवण तेवढं उरलं होतं. तीनला हॉल बंद झाला की सुटका. मालकीणबाई काउंटरवर बसून हिशेब करत असल्यासारखं दाखवत होत्या, पण त्यांचा एक कान हॉलभर फिरत होता. अशा वेळी दाराशी परीक्षक आणि त्यांची बायको येऊन उभी राहिली.

परीक्षक म्हणजे निवृत्त परीक्षक. पस्तीस वर्षं शाळांचे पेपर तपासलेला माणूस. त्यांनी टोमॅटो सूप मागवलं.

"उत्तम निवड," भाऊ म्हणाले.

शेजारच्या टेबलावर कुणी मासा मागवला. "उत्तम निवड." त्यापलीकडे एकीने नुसतं पाणी मागितलं. "उत्तम निवड."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क दिलेले दिसले, की त्यांना पूर्वीही असंच व्हायचं.

"अहो, एक सांगा," ते म्हणाले. "सूप उत्तम, मासा उत्तम, पाणीसुद्धा उत्तम. मग तुमच्याकडे वाईट निवड कोणती?"

आता हे भाऊंना तोंडपाठ होतं. टोमॅटो सूप. सकाळपासून ते तीनदा गरम झालं होतं. उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. काउंटरवरचं पेन थांबलं. भाऊंनी टेबलावरची मिठाची डबी सरळ केली.

"आणखी काही आणू?"

"अच्छा," परीक्षक म्हणाले आणि बायकोकडे झुकले. "अगं, हा माणूस काहीतरी लपवतोय. कुठे अडतो ते बघू या."

"अहो, जेवायला आलोय आपण. पेपर तपासायला नाही."

"एकच प्रश्न. बरं का, सूप आणाल ते गार आणा."

"उत्तम निवड."

"आणि भात आणा एक. त्याच्यावर कॉफी ओतून."

भाऊंनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. "उत्तम निवड," ते म्हणाले, पण आवाज कुठून तरी फटीतून आल्यासारखा आला.

परीक्षकांच्या बायकोने मेनू मिटला. "आणलं ना, तर तुम्हीच खायचं," ती म्हणाली. "शेवटच्या शितापर्यंत. मी उठू द्यायची नाही."

आत आचाऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "अरे भाऊ, काहीतरी चुकलंय. गिऱ्हाइकाला विचारलंस का नीट?"

"विचारायचं वाक्य नाहीये माझ्याकडे."

"माझ्या भातावर कॉफी?"

"चिठ्ठीत लिहिलंय ते करायचं, असं तुलाही सांगितलंय ना बाईंनी?"

सांगितलं होतं. आचारी मानी माणूस होता, आणि मानी माणसाला वाईट कामसुद्धा वाईट करता येत नाही. त्याने भाताची उंच मूद पाडली, भोवती कॉफीचं तळं केलं, वर सायीचा एक ठिपका ठेवला आणि पुदिन्याचं पान खोचलं. ती थाळी हॉलमधून निघाली तेव्हा माना वळल्या.

"ते काय आहे हो?" मासा मागवणाऱ्याने विचारलं.

भाऊंनी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. नको, असं ते डोळ्यांनी सांगत होते. पण डोळ्यांनी सांगितलेलं ऐकतं कोण? तोंडाने त्यांना एवढंच म्हणता आलं, "उत्तम निवड."

"मग मासा राहू द्या. आम्हालाही दोन आणा तसं."

त्या दोघांच्या टेबलावर आलं म्हणून पलीकडच्या चौघांनी मागवलं. चौघांनी मागवलं म्हणून खिडकीजवळच्या मैत्रिणींनी. अर्ध्या तासात नऊ टेबलांवर भात-कॉफी होती, आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत खात होता. शेजाऱ्याला आवडतंय म्हटल्यावर आपलंच काहीतरी चुकत असणार, असा प्रत्येकाचा समज. भाऊ टेबलांवरून फिरत विचारत होते, "जेवण कसं वाटलं?" आणि प्रत्येक जण घास गिळून म्हणत होता, "छान. जरा वेगळंच आहे."

परीक्षक हे सगळं कान देऊन ऐकत होते. "विलक्षण आहे," ते म्हणाले. "अख्ख्या हॉलमध्ये एकही माणूस खरं बोलत नाहीये."

"तुम्ही खा," बायको म्हणाली. "अजून अर्धी मूद शिल्लक आहे."

मालकीणबाई मात्र हरखल्या होत्या. त्यांनी खडू घेतला आणि दाराजवळच्या फळ्यावर 'उद्यापासून खास: भात-कॉफी' असं लिहिलं. ते वाचून भाऊंनी डोळे मिटून घेतले. घड्याळात अडीच वाजले होते.

तेवढ्यात आजोबा आले.

आजोबा रोजचे. गेली अकरा वर्षं रोज एकटेच जेवायला यायचे. त्यांना साखरेचा त्रास होता, आणि तरी ते रोज पुडिंग मागायचे. रोज भाऊ त्यांना अर्धंच द्यायचे आणि वर ऐकवायचे. आठवडाभर आजोबा मुलीकडे गेले होते. कार्डाबिर्डाचं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"पुडिंग आण रे," बसता बसता ते म्हणाले आणि बोलणी खायला टेकून बसले.

"उत्तम निवड," भाऊ म्हणाले.

आजोबांनी मान वर केली. थोडा वेळ वाट पाहिली. "दोन आण."

"उत्तम निवड."

"तीन. आणि वरून साखर घाल."

भाऊंनी पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला घेतलं. आजोबांचा चेहरा पडला. "काय रे," ते हळूच म्हणाले, "माझ्यावर रागावलायस का? आठवडाभर आलो नाही म्हणून? अरे, मुलीकडे कुणी काही बोलत नाही मला. सगळे आपले हो-हो करतात. म्हटलं, आज जाऊन तुझ्या चार शिव्या खाव्यात."

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं राहिली होती. वीस मिनिटं म्हणजे काय, नुसतं पाणी वाढत फिरलं तरी गेली असती. त्यांनी कार्ड खिशातून काढून पाहिलं, चारही वाक्यं पुन्हा एकदा वाचली, आणि मग आठवडाभर दाबून धरलेलं सगळं एकदमच बाहेर आलं.

"अर्धं मिळेल. तेसुद्धा माझ्यासमोर खायचं. तीन म्हणे. मुलीकडे काय काय चापलंय ते गालांवर दिसतंय तुमच्या. गोळ्या घेतल्यात का सकाळच्या? नाही ना? आधी त्या घ्या." आणि मग गाडी उताराला लागली ती लागलीच. भाऊ हॉलकडे वळले. "आणि तुम्ही सगळे. भातावर कॉफी खातं का कोणी? ठेवा ते चमचे खाली. सूप मागवू नका, तीनदा उकळलंय. मासा आज सकाळचा आहे, तो सोडून काय बसलाय हे चिवडत?"

 मग एकापाठोपाठ एक चमचे खाली ठेवल्याचे आवाज आले. नऊ टेबलं, सगळे चमचे. परीक्षकांचा चमचा सर्वांत आधी.

"भाऊ," मालकीणबाई काउंटरवरून म्हणाल्या. "कार्ड द्या इकडे. आणि आत जा."

भाऊंनी कार्ड दिलं. आजोबा काहीतरी बोलायला उठले, पण भाऊंनी त्यांना हातानेच बसवलं. मग ते मागच्या खोलीत गेले, बाह्या वर केल्या आणि कॉफीच्या डागांच्या थाळ्या घासायला घेतल्या. मशीन घरघरत होतं. त्यांनी थाळीकडे बघून दोन शब्द बोलून पाहिले, पण ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले नाहीत. भाऊंना रडू आलं, आणि इथे बघायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

बाहेर नऊ टेबलं उपाशी होती. तीन वाजत आले तरी हॉल बंद करायची सोय नव्हती. मालकीणबाई स्वतः वही घेऊन परीक्षकांपाशी आल्या.

"सूप नको म्हणाले ते," परीक्षक म्हणाले. "मग हिला भाजी चालेल का? तिला तिखट सोसत नाही."

"सगळंच उत्तम आहे, साहेब."

"तसं नव्हे. तिला काय सोसेल?"

"आमच्याकडचं सगळंच सोसतं, साहेब."

परीक्षकांनी गळ्यातला रुमाल तसाच ठेवला आणि उठले. "मी त्यांनाच विचारून येतो," असं म्हणून ते सरळ आतल्या दारातून गेले.

दहा मिनिटांनी ते परत आले ते खुशीत होते. मासा, साधा भात आणि बायकोसाठी मिरची न घातलेली भाजी, अशी यादीच त्यांच्या हातावर पेनाने लिहिलेली होती. "शिवाय मला ओरडले," ते आजूबाजूच्या टेबलांना सांगू लागले. "म्हणाले, या वयात अन्नाची थट्टा शोभते का? अगदी बरोबर बोलले."

हे ऐकून खिडकीजवळच्या दोघी उठल्या. मग ते चौघं. मग आजोबा आपली काठी घेऊन निघाले. मालकीणबाई वही धरून हॉलच्या मध्यावर उभ्या होत्या आणि 'या, बसा' म्हणत होत्या, पण जो तो उठूनच चालला होता. शेवटी हॉलमध्ये त्या आणि फळा, एवढीच दोघं उरली.

बराच वेळ त्यांनी वाट पाहिली. आतून मशीनचा आवाज येत नव्हता. कुणीतरी ते बंद केलं होतं. हसण्याचे आवाज मात्र येत होते, आणि आचाऱ्याचाही आवाज येत होता. तो भाऊंना दम देत होता की सूप तीनदा नव्हे, दोनदाच गरम केलंय. मालकीणबाईंनी मनाशी ठरवलं: आत जायचं, भाऊंना चारचौघांत दोन शब्द सुनावायचे आणि मग हॉलमध्ये परत या म्हणून सांगायचं. काम वेटरचंच, पण तोंड आवरायला सांगायचं. जमलं तर पाच-सहा वाक्यं वाढवून द्यायची.

त्यांनी दार ढकललं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आजोबा पालथ्या क्रेटवर बसून अर्ध्या पुडिंगचा शेवटचा घास पुरवून पुरवून खात होते. भाऊ मोरीशी उभे होते, हातांना फेस, आणि एका मुलीला समजावून सांगत होते की तिला भूक लागलेली नाही, तिला झोप हवी आहे. दाराजवळ परीक्षकांची बायको हातात कोरडं फडकं घेऊन थाळ्या पुसत होती.

"भाऊ," मालकीणबाई म्हणाल्या, "मला जरा बोलायचंय तुमच्याशी."

भाऊंनी मान वळवून पाहिलं, पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच परीक्षकांची बायको पुढे झाली आणि तिने मालकीणबाईंच्या हातात एक फडकं ठेवलं.

"बोला ना. पण तुमच्या आधी चौघं आहेत," ती म्हणाली. "तोवर ह्या थाळ्या पुसा. इथे नुसतं उभं राहिलेलं त्यांना चालत नाही."

मालकीणबाईंनी खोलीभर पाहिलं. कुणीही त्यांना जागा करून दिली नाही. सकाळपासून त्यांच्याही पोटात कप-दीड कप चहापलीकडे काही नव्हतं, आणि काय खावं ते त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी वही क्रेटवर ठेवली, एक थाळी उचलली आणि पाचव्या नंबरला उभ्या राहिल्या.