रेंजची घडी

भोक मी पाडलेलं नाही, हे मी पहिल्यापासून सांगत होते आणि एकानंही मानलं नाही. कंपनीनं जुनी रेंज परत मागितली, घडी घालायला ती टॉवरवरून खाली सोडली, आणि तिच्यात बरोबर माझ्या अंगणाच्या वर परातीएवढं भोक निघालं. वाडीत गोधड्या शिवणारी मी एकटी. त्यामुळं दुसऱ्या कुणाकडं बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

रेंज परत का द्यायची ते आधी सांगते. कंपनीचे चांदोरकर साहेब देवळात बैठकीला आले होते. तरुण माणूस, बोलायला मऊ. ते म्हणाले, ही टूजी म्हणजे दुसरी पिढी, ती आता बंद. नवीन रेंज अंथरायची तर खालची जुनी काढावी लागते. नाहीतर सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीत आवाज अडकतो.

"मग पयली पिढी कुठं गेली?" सरपंच बबनदादांनी विचारलं.

"ती शहरातच वारली. इकडं आलीच नाही."

"आन् तिसरी?"

"तिसरी घाटापर्यंत आली होती. पुढं तिला रस्ता मिळाला नाही."

कुणी हसलं नाही. आमच्याकडं बऱ्याच गोष्टी घाटापर्यंतच येतात.

मग साहेबांनी अट सांगितली. रेंज जशी दिली तशी परत पाहिजे. कुठं फाटली असेल तर कुणामुळं फाटली त्याचं नाव द्यायचं. फाटलं असेल तेवढाच तुकडा नवीन रेंजमधून कापतात, आणि ते भोक त्या माणसाच्या डोक्यावर ठेवतात. नाव दिलं नाही तर सगळ्या वाडीलाच नवीन रेंज नाही.

"तो मानूस मुंबईला गेला तर?" बबनदादा म्हणाले.

"भोक त्याच्याबरोबर चालतं. तो जाईल तिथं रेंज येत नाही. त्याचा फोन कुणाला लागत नाही आणि त्यालाही कुणाचा लागत नाही."

हे ऐकून मी बाकीच्यांसारखीच मान हलवली. आपल्याला काय त्याचं, असं तेव्हा वाटलं.

ज्या दिवशी रेंज उतरली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. टॉवरवरच्या माणसांनी वरच्या गाठी सोडल्या, आणि धुकं विरल्यावर ती हळूहळू खाली आली. सगळ्या खोऱ्यावर एकदम. दुधावरची साय असते तशी पातळ, पण डोंगराच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. झाडांच्या शेंड्यांना लागली तशी झाडं वाकली नाहीत, फक्त गप्प झाली. पाखरं तिच्यातून वर-खाली जात होती आणि त्यांना काही होत नव्हतं. एवढं मोठं काही आपल्या डोक्यावर होतं आणि आपण त्याच्याखाली भांडी घासत होतो, ह्याचं मला नवल वाटलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी डोक्यावर पदर घेतला. कुणी सांगितलं नव्हतं.

पुरुषांनी ती ताडपत्रीसारखी गुंडाळायला घेतली. साहेब धावत आले. म्हणाले, गुंडाळू नका, आवाज उलटे होतात. मग आम्ही बायका पुढं झालो. खोऱ्यातल्या सगळ्या वाड्यांच्या बायका काठाला उभ्या राहिल्या. नऊवारी वाळल्यावर दोघी मिळून घडी घालतो, तसंच. टोकाला टोक लावायचं, झटकायचं, पुढं चालत यायचं, दुसरीच्या हातात द्यायचं. फक्त चालायला इथं अर्धा डोंगर होता.

हात लावला की तळव्यात बोलणं लागायचं. निम्मी रेंज तर "हॅलो, ऐकू येतंय का" ह्यानंच भरली होती. ओढ्याकडच्या बाजूला "जेवलास का" एवढं दाट होतं की घडी जाड व्हायची. कांद्याचा भाव होता, एसटी चुकल्याचं होतं, मुलगी बघायला कधी येता ते होतं. माझ्या समोरच्या टोकाला शेवाळेवाडीची कुणी सुगंधा होती. तिच्या हाताला तिच्या मेलेल्या भावाचा आवाज लागला. ती थांबली. ती थांबली म्हणून सगळा काठ थांबला. कुणी तिला चल म्हटलं नाही. तिचं ऐकून झालं तसं तिनं टोक पुढं दिलं आणि आम्ही परत चालायला लागलो.

शेवटची घडी राहिली होती तेव्हा भोक दिसलं.

बबनदादांनी त्यातून हात घातला आणि पलीकडून बोटं हलवून दाखवली. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मालन, तुझ्या अंगणावरचा तुकडा हाय हा," ते म्हणाले.

"असू दे की. माझ्या अंगणावर आभाळ पण हाय. ते पण मीच आणलंय का?"

"गोधडीला कुठं ठिगळ कमी पडलं असंल."

"तुमच्या धोतराचं ठिगळ लावलेली गोधडी तुमच्याच घरात हाय, दादा. त्यात रेंज येती का बगा."

लोकांनी माझ्या घरात शिरून सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या. एकेका ठिगळाला कान लावला. एकातही काही बोललं नाही. तेव्हा बबनदादा म्हणाले, हिनं धुतली असंल. सगळ्यांना ते पटलं. मी म्हटलं, हे कापलेलं नाही, विरलेलं आहे, जरा डोळे उघडून बघा. चोर असंच म्हणतो, असं मागून कुणीतरी बोललं. आवाज ओळखीचा होता, माझ्या चुलत दिराचा. त्याच्याकडं मी नंतर बघणार होते.

पण खरं सांगायचं तर माझा जीव दुसरीकडंच होता. माझी लेक कल्पना पनवेलला दिली आहे. तिचे दिवस भरत आले होते. सासरी घरात दुसरं बाईमाणूस नाही. कळा सुरू झाल्या की फोन करते, तू निघ, असं तिनं सांगून ठेवलं होतं. भोक माझ्या डोक्यावर आलं तर तो फोन मला कधीच येणार नव्हता. तिकडं जाऊन राहिले तरी भोक माझ्याबरोबर येणार, आणि त्या घरात दवाखान्यालासुद्धा फोन लागणार नाही. बबनदादांना हे माहीत होतं. तेही मान खाली घालूनच म्हणाले, "साहेब, मालन रामू शेडगे असं लिवा. वाडीला रेंज पायजे."

साहेब म्हणाले, "असं लिहिता येत नाही. आधी कडेला कान लावायचा नियम आहे."

त्यांनी भोक दोन्ही हातांनी धरलं, बाटली फुंकताना धरतात तसं, आणि कडेला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग बबनदादांना दिलं. मग माझ्याकडं आलं.

भोकाच्या चारही बाजूंनी एकच बाई बोलत होती. सगळ्यांच्या ओळखीची. आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. एकावर एक, एकावर एक, इतक्या वेळा की धागा राहिला नव्हता, नुसतं तेवढं वाक्य राहिलं होतं. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी कुणीतरी घसा साफ करत होतं. बोलायच्या तयारीनं.

तो घसा मी ओळखला, बबनदादांनीही ओळखला. माझ्या अंगणाच्या कडेला दगडी गडगा आहे. रोज जेवणं झाली की सोनाक्का तिथं यायची. विधवा बाई, एकटीच राहते. फोन कानाला लावून उभी असायची, मान हलवायची, मग फोन चोळीत ठेवून घरी जायची. आम्ही सगळे समजत होतो ती बाहेरगावच्या मुलाशी, आनंदाशी बोलते. मी कधीकधी लांब व्हायचे, तिला मोकळं बोलता यावं म्हणून.

"ह्यात त्या फोनमधल्या बाईचीच चूक हाय," बबनदादा साहेबांना म्हणाले. "सारखं सारखं तेच बोललं तर कापड किती टिकंल? तिचं नाव घाला."

"ती कंपनीची आहे. कंपनीच्या माणसाला भोक लागत नाही."

"मग?"

"रेंजला दोन टोकं असतात. एक लावणारा, एक न उचलणारा. दोघांपैकी एकाचं नाव चालतं. कोणतं, ते लावणाऱ्यानं सांगायचं."

सोनाक्का काठाच्या पार लांबच्या टोकाला होती. तिनं अजून टोक सोडलं नव्हतं. तिला बोलवायला कुणी गेलं नाही. ती आपणच चालत आली, आणि येताना शेवटची घडी पुरी करत आली, त्यामुळं ती माझ्यापाशी पोचली तेव्हा सगळं खोरं एका उशीएवढं झालं होतं आणि भोक बरोबर वर आलं होतं.

"आजी, तुम्ही लावायच्या फोन?" साहेबांनी विचारलं.

"रोज."

"काय बोलायच्या?"

"मी कुठं बोलती? ती बाई बोलायची. आवाज ग्वाड हाय तिचा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आक्का, तुझं नाव देऊ नकोस. तू काय बी केलं न्हाईस. त्यानं एकदा उचलला असता तर हे झालं नसतं."

"तू गप, मालन," ती म्हणाली. रागानं नाही.

वाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं ती कुणाचं नाव देणार. आई होती ती. बबनदादांनी तर डोळेसुद्धा पुसून घेतले.

सोनाक्का भोकापाशी वाकली आणि तिनं वर न बघता खाली बघितलं. घडीच्या सगळ्या थरांमधून आरपार. मीही तिच्या खांद्यावरून बघितलं. तळाशी माझं अंगण दिसत होतं, गडग्याचा दगड दिसत होता, आणि तिथं कसलाच आवाज नव्हता. रेंज यायच्या आधी आमचं खोरं तसं होतं. मी तिथं नवी नवरी म्हणून आले होते तरी तोवर मला ते आठवलं नव्हतं. एवढी शांतता मी परत कधी बघितली नाही. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ज्याचं नाव लागंल त्याला खरंच रेंज न्हाई?" तिनं विचारलं. "कुठंबी?"

"कुठंच नाही, आजी."

"कधीबी?"

"कधीच नाही."

ती सरळ उभी राहिली. "येता जाता मानसं इचारत्यात, पोराचा फोन येतो का. मी म्हनती, त्याला रेंज नसंल तिथं. एवढी वर्सं झाली, खोटं बोलून माझं त्वांड दुखलं. आता खरं हुईल." तिनं घसा साफ केला. "लिवा."

साहेबांनी पेन काढलं. बबनदादा काहीतरी म्हणायला गेले, त्यांना मी हातानं थांबवलं.

शाळेत घालताना मास्तरांना सांगतात तसं, एकेक शब्द मोकळा करून, सोनाक्का म्हणाली, "आनंदा गणू साळेकर."