साऱ्या घराचं प्रेशर

बायनाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढं ढकललं गेलं, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचा, गहिनीनाथांचा, औषधावरचा विश्वासच डळमळला. डोळा पिकला होता, पण रक्ताचं प्रेशर काही उतरत नव्हतं. बायनाबाई आता कोकरू समजून कुत्र्याच्या पिल्लाला पदराखाली घ्यायच्या.

"गोळी रोज घेता ना?" केजच्या उज्ज्वला डॉक्टरांनी विचारलं.

"घरात एक दिस खंड न्हाई," गहिनीनाथ छातीठोकपणे म्हणाले.

"मग जास्त ताकदीची देते. पाकिटावर नाव काहीही असो, काम करतं ते आतलं औषध. ते किडनीकडून अंगातलं जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर काढून घेतं. लघवी जास्त होते, नसांवरचा ताण कमी होतो, प्रेशर उतरतं."

गहिनीनाथांची हयात धारूरच्या डोंगरात मेंढ्या राखण्यात गेली होती. एका मेंढीला जंत झाले की औषध साऱ्या कळपाला पाजायचं, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. म्हणून पहिलं पाकीट आलं त्याच दिवशी त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, "एका चुलीचं खातो आपन. गोळी समद्यांनी घ्यायची." वाटप अर्थातच बायनाबाईंकडं आलं, कारण तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू त्या घरात त्यांच्याच हातून जायची.

नवी गोळी खरोखरच जोरदार निघाली. मुलगा हनुमान मेंढ्यांपेक्षा बाभळीच्या आडोशालाच जास्त दिसू लागला. सून वनमालाला चुलीपुढून उठताना चक्कर आली. शेजारच्या सरस्वतीबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गोड बातमी वस्तीभर केली. ती आष्टीलाही पोचली. व्याही विठ्ठलराव पेढे घेऊन आले आणि मुक्कामाला राहिले. घरचंच माणूस म्हणून सकाळी त्यांच्याही तळहातावर गोळी आली. दुपारी ते निरोप घ्यायला उठले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पेढ्यांच्या खोक्यावरच बसले.

"इहीण, तुमच्या घरात काई साथ हाय का?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

आता मात्र सगळे जीपमध्ये बसून केजला निघाले. जीप वाटेत इतकी थांबली, की ड्रायव्हरनं शेवटी कारण विचारायचंच सोडून दिलं.

डॉक्टरांनी एकेकाचं प्रेशर मोजलं. सगळ्यांचं उतरलेलं. बायनाबाईंचं तेवढं चढलेलं.

"गोळी कोण कोण घेतं?"

"समदे," गहिनीनाथ म्हणाले. "कळपात एकाला पाजून भागत न्हाई, मॅडम."

डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. "काका, हे काय जंत आहेत का, एकाचे दुसऱ्याला व्हायला? चांगल्या माणसाचं प्रेशर उतरवलं तर तो आडवा होणारच. पण गोळी एवढं काम करते, तर मावशींचंच कसं उतरत नाही?"

बायनाबाईंनी पदर सारखा केला. "पाकीट लौकर सरू लागलं, म्हनून मी घेतच न्हवते. समद्यांचं झाल्यावर उरली तर आपली. उरलीच न्हाई कदी."

गहिनीनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या कळपाला औषध पाजून आजारी मेंढीच तेवढी राहून गेली होती.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रोज सकाळी खाल्ल्यावर, फक्त मावशींना. डोळ्याचं ऑपरेशन होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथांनी तव्यावरची पहिली भाकरी बायनाबाईंपुढं ठेवली. खाल्ल्यावर गोळी घ्यायची, म्हणजे आधी खाणं आलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या कधी सगळ्यांच्या आधी जेवल्या नव्हत्या. व्याह्यांसकट चौघं समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"असं बघाया लागल्यावर घास कसा उतरंल?" बायनाबाई म्हणाल्या. "तिकडं बघा की."

गहिनीनाथांनी पाठ फिरवली, मग बाकीच्यांनीही. भिंतीकडं तोंड करून चौघं उपाशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं मागून भाकरी मोडल्याचा आवाज आला. गहिनीनाथांनी न वळताच पाण्याचा तांब्या मागं सरकवला.