चटणीच्या दिवशी रंगवलेली गाडी

अण्णा मयताला गेले तरी आधी शववाहिकेचा पत्रा बघायचे. चार माणसं तिरडी आत सरकवत असायची आणि हा गृहस्थ मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून अंगठा फिरवून माझ्या कानाशी लागायचा. "मास्तर, संत्र्याची साल." म्हणजे रंग दाट मारल्यामुळं वाळल्यावर खडबडीत राहिला. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, मास्तरांना गहिवर आला.

मंगळवार पेठेत आमची दोन घरं एका भिंतीची, पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, मात्र दोघांत एकच. डावीकडं मी आणि माझी बायको, उजवीकडं गुरुसिद्ध अण्णा आणि त्यांच्या मंडळी. त्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणायची. मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली, त्यामुळं घरात दोघंच. दोघंच म्हणायचं आपलं, खरं तर अक्का एकट्याच. अण्णा त्यांच्या मागच्या खोलीत.

अण्णांचं रंगाचं दुकान वडलांपासूनचं. शाळेत असताना ते लाकडाच्या छोट्या मोटारी कोरायचे आणि डब्याच्या तळाला राहिलेला रंग त्यांना द्यायचे. वडलांनी एक दिवस सगळ्या मोटारी बंबात घातल्या आणि पोराला गल्ल्यावर बसवलं. त्यानंतर चाळीस वर्षं अण्णांनी दुसऱ्यांना रंग विकला, स्वतःच्या बोटाला लागू दिला नाही. नव्वद साल उलटल्यावर धाकट्या भावानं दुकान हातात घेतलं. आणि पन्नाशी ओलांडलेले अण्णा बाजारातून बोटभर लांबीची, पत्र्याची, खेळण्यातली मोटार खिशात घालून घरी आले. त्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहून लहान पोरासारखे हसले होते. मला बापड्याला काय माहीत, पुढं काय वाढून ठेवलंय.

गाडी थिनरमध्ये बुडवून जुना रंग उतरवायचा. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. अस्तर द्यायचं. मग रंगाचे पातळ पातळ हात, प्रत्येक हात वाळला की पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनं घासायचं, आणि शेवटी पॉलिश. इथपर्यंत अण्णांच्या हाताला तोड नव्हती. टपाची चमक अशी की त्यात माझं टक्कल दिसायचं. मी म्हणायचो, "अण्णा, झाली आता. ठेवा." ते भिंगातून बघत म्हणायचे, "अजून एक हात."

हाच तो घात. अजून एक हात घासायला गेले की बॉनेटच्या कडेला रंग विरायचा आणि आतला पत्रा डोळे वटारायचा. मग शांतपणे थिनरचा डबा. पुन्हा पहिल्यापासून. सात-आठ वर्षांत अण्णांनी डझनभर गाड्या रंगवल्या आणि एकही पुरी केली नाही. माझं डोकं फिरायचं. त्यांचं कधी फिरायचं नाही, ते जास्त त्रासदायक होतं.

खोलीचे नियम वेगळे. पंखा बंद, खिडकीच्या फटींना वर्तमानपत्राच्या पट्ट्या. घरात फोडणी द्यायची ती अण्णांना विचारून. आत जाणाऱ्यानं सदरा बाहेर काढून ठेवायचा, कारण सदऱ्याची तुसं उडतात. एकदा आमचे मुख्याध्यापक मला शोधत आले, तेव्हा मी बनियनवर, घामानं निथळत, डोळ्याला भिंग लावून खेळण्यातल्या मोटारीवर धुळीचा कण शोधत होतो. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला विषय बदलून दिला.

अक्कांनी काय केलं होतं, ते सांगायला हवं. पुढच्या खोलीतल्या काचेच्या शोकेसातून त्यांनी माहेरचा कपबशांचा सेट काढून माळ्यावर टाकला होता. मधला कप्पा रिकामा करून त्यावर स्वतः विणलेला रुमाल अंथरला होता. "री, एक तरी गाडी हितं ठेवा. मी डोळ्यांनी बघतो तवर." त्या गडहिंग्लजकडच्या, नवऱ्याला री म्हणायच्या आणि स्वतःला पुरुषासारखं बघतो-जातो. "ठिवतो की," अण्णा म्हणायचे, "अजून एक हात." दर शुक्रवारी अक्का तो रिकामा कप्पा पुसायच्या. आल्यागेल्यानं विचारलं तर सांगायच्या, "गाडी यायची हाय."

मग अण्णांना बाजारात खेळण्यातली पांढरी अँबॅसडर मिळाली. अक्कांना लग्नात गडहिंग्लजहून आणली ती असल्याच भाड्याच्या गाडीतून. अण्णा मला हळूच म्हणाले, "मास्तर, ही तिची. ह्या बारीला पुरी करणार, काय बी होऊ दे." हिवाळाभर ते त्या एका गाडीला लागले होते. मे महिन्यात शेवटचा पांढरा हात दिला आणि गाडी वाळत ठेवून, दार ओढून ते आंघोळीला गेले.

आणि तो नेमका चटणीचा दिवस.

आमच्याकडं वर्षाची चटणी एकाच दिवशी होते. मिरच्या कांडपाच्या डंकावरून कुटून आणायच्या, लसूण-कांदा-खोबरं घालून कालवायच्या आणि बरणीत दाबायच्या. त्या दिवशी गल्लीत शिंकल्याशिवाय कोणी बोलत नाही. सोप्यात अक्का आणि माझी बायको नाकाला पदर बांधून बसल्या होत्या. उकाडा म्हणून मीच टेबल फॅन आणून लावला होता. बायको म्हणाली, मोठी परात अण्णांच्या खोलीत माळ्यावर आहे, तेवढी आणा. मी गेलो, दार उघडलं, परात काढली, पायानं दार ढकललं, नीट लागलं का ते बघितलं नाही. एवढंच. फॅनचं तोंड चटणीवरून थेट त्या दाराकडं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अण्णा ओल्या पंच्यावर खोलीत गेले. मग गाडी दोन बोटांत धरून सोप्यात आले. पांढऱ्या बॉनेटवर, टपावर तांबड्या चटणीचे बारीक बारीक कण, ओल्या रंगात पक्के रुतलेले.

"दार कुणी उघडलं?"

मी चाळीस पोरांच्या वर्गात खरं बोलायला शिकवणारा माणूस. मी फॅनची वायर नीट करायला लागलो. अक्कांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग परातीत हात घालून त्या म्हणाल्या, "मीच उघडलं री. परात पायजे हुती."

अण्णा अकरा दिवस अक्कांशी बोलले नाहीत. अक्का चहा ठेवायच्या, ते प्यायचे. भाकरी वाढायच्या, ते खायचे. मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगून टाकायचं, आणि रोज शाळेला उशीर होतोय म्हणून निघून जायचो. बाराव्या दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "चटणी झ्याक झालीया." माफी मागायची त्यांची तेवढीच रीत होती. ते ऐकून अक्का चुलीपाशी रडल्या, असं मला बायकोनं सांगितलं. तिचा रोख माझ्यावरच होता, पण नाव घेत नव्हती.

ती गाडी मात्र अण्णांनी जुन्या डब्यात टाकून ठेवली. शोकेस रिकामंच राहिलं.

श्रावणात अक्कांना ताप आला. चार दिवस मलेरिया म्हणून औषध चाललं, पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी परत आणलं ते तसंच. दारात शववाहिका उभी राहिली. तिचा पत्रा गंजून पोपडे निघाले होते, त्यावर कोणीतरी ब्रशनंच रंग फासला होता. इतका वाईट रंग मी जन्मात बघितला नव्हता. अण्णांनी त्यावर तळहात ठेवला, तोल जाऊ नये म्हणून. अंगठा फिरवला नाही. बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाचं आता काही खरं नाही.

त्यानंतर मागची खोली बंद झाली. अण्णा सोप्यात बसून असायचे. जेवण माझी बायको द्यायची, पण चटणी आमची घ्यायचे नाहीत. अक्कांच्या बरणीतून चमचा चमचा काढून, पुरवून पुरवून खायचे. उन्हाळा आला तेव्हा त्यांनी ती बरणी उन्हात धरून आत बघितली, बोटानं तळ पुसला आणि बोट चाटलं. मग कितीतरी वेळ रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसले. मला तिथं थांबवेना.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून थिनरचा वास आला. बरं वाटलं. म्हटलं, माणूस कामाला लागला. आठवडाभर मी तिकडं फिरकलो नाही. मग एका सकाळी त्यांनी हाक मारली, "मास्तर, या की." मी सवयीनं सदऱ्याची बटणं काढायला लागलो. ते म्हणाले, "राहू द्या."

शोकेसातल्या मधल्या कप्प्यात, अक्कांच्या रुमालावर, पांढरी अँबॅसडर उभी होती. चाकं, काचा, आरसा, सगळं बसवलेलं. वरून लॅकरचा पारदर्शक हात इतका नितळ की नजर घसरावी. आणि लॅकरच्या खाली, बॉनेटवर, टपावर, तांबडे कण. एकही काढलेला नव्हता.

मी विचारलं, "अजून एक हात?"

"न्हाई. झाली ही."

एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी दार मी उघडलं होतं. अक्कांनी नव्हे. मी गप्प बसलो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पंच्याच्या टोकानं शोकेसची काच पुसली, कडेची तेवढी राहिली होती ती परत पुसली.

"बरं झालं उघडलंसा, मास्तर," ते म्हणाले. "न्हाईतर तिच्या हातची चटणी आता कुठं ऱ्हायली असती?"