तिघांना चार खुर्च्या

गेल्या डिसेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी सात वाजता, थायलंडातल्या चा-आम नावाच्या गावी, समुद्राच्या काठावर आमच्याकडून खुर्च्यांच्या भाड्यापोटी दोनशे बाथ घेण्यात आले. हजर माणसं तीन: मी, शहागडचा सलीम आणि वाटूरचा रंगनाथ. खुर्च्या चार. एका खुर्चीचं दिवसाचं भाडं पन्नास. मी खुर्च्यावाल्या मावशींना तीन बोटं दाखवली. त्यांनी हसून खुर्च्यांवरचे टॉवेल दाखवले. टॉवेल चार होते आणि चारही आमचेच होते.

"रंगनाथ, हा चौथा रोज कोणासाठी?"

"असू दे मुनीम," तो म्हणाला. "जागा धरलीय."

मी जालन्यात एका बियाण्याच्या दुकानाचे हिशेब लिहितो, म्हणून हे दोघं मला शाळेपासूनची ओळख विसरून मुनीम म्हणतात. प्रवासाचा सामाईक खर्च माझ्याकडे होता. परदेशात, सकाळी सात वाजता, रिकाम्या खुर्चीचे पन्नास बाथ! मी त्या दिवशी नारळपाणी प्यायलो नाही. रागच तेवढा आला होता.

पण रंगनाथ आणि जागा हे प्रकरण जुनं आहे, ते आधी सांगायला हवं.

वाटूर हे फाट्याचं गाव. चारी बाजूंनी एसटी येते आणि येते ती भरलेलीच. तिथं वाढलेल्या माणसाला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते, त्यात विशेष नाही. रंगनाथ मात्र रुमाल टाकत नाही. तो टॉवेल टाकतो. पांढरा, लाल काठाचा, चांगला लांब. गाडी थांबायच्या आत तो टॉवेल खिडकीतून जातो आणि दोन माणसांच्या सीटवर असा पसरतो की जणू घरच्या बाईनं वाळत घातला. मग रंगनाथ शांतपणे दारातून चढतो. त्याच्या टॉवेलावर कोणी बसलं तर तो भांडत नाही. नुसता समोर उभा राहतो आणि म्हणतो, "उठा भाऊ. जागा धरलीय." लोक उठतात. टॉवेल म्हणजे त्याच्या मते सातबारा. एकदा नाव लागलं की लागलं.

"आधी जागा, मंग बाकी," हे त्याचं बोलणं. लग्नात अक्षता पडायच्या आत पंगतीत त्याचा टॉवेल पडलेला असतो. न्हाव्याकडे तो टॉवेल ठेवून बाजार करून येतो. एकदा आमच्या एका गुरुजींच्या शोकसभेत त्यानं पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या धरल्या. मी म्हणालो, अरे, ही काय जागा धरायची वेळ आहे? तर म्हणतो, "मानूस आपला होता. मागं कसं बसायचं?"

सहलीची कल्पना सलीमची. त्याच्या ट्रका आता पोरं बघतात. "सारी उम्र डिझेल का धुआँ खाया यार," तो म्हणाला, "अब दस दिन समंदर की हवा खाएंगे. जालन्यातली थंडी बी चुकंल." बायकांना विचारलं. सलीमच्या घरी नातवाचा जन्म अगदी जवळ आला होता. रंगनाथच्या बायकोचे गुडघे दुखतात. माझी बायको म्हणाली, "तुम्ही जाच. दहा दिवस लाइट का चालू आहे म्हणून कोणी विचारणार नाही." अशा रीतीनं आम्ही तिघंच निघालो आणि गल्लीत बोभाटा झाला. किराणावाला मला म्हणतो, "काका, थायलंड? अन् काकू न्हाई? मजा हाय!" वर डोळा मारला. मी वीस वर्षं त्याचं बिल पाच तारखेच्या आत देतो, आणि हा मला डोळा मारतो! मी त्याला तिथंच सांगितलं की आम्ही साडेआठला झोपणारी माणसं आहोत. तो आणखीच हसला.

गाव कुठलं निवडायचं यावरही वाद झाला. सगळं जग फुकेतला जातं. रंगनाथ ऐकेना. "बँकॉकच्या जवळचं घ्या. तीन तासाच्या आतलं." का, ते सांगेना. नकाशा मात्र त्याला तोंडपाठ. शेवटी चार दिवस हुआ हिन आणि सहा दिवस चा-आम असं ठरलं.

विमानात काय झालं ते मी घरी सांगितलेलं नाही. जागेचे नंबर तिकिटावर छापलेले असतात हे मी रंगनाथला तीनदा समजावलं होतं. तरी दारातून आत शिरताच, पुढच्या चार डोक्यांवरून टॉवेल गेला आणि खिडकीच्या एका जागेवर बराबर पडला. त्या जागेची मालकीण, कोणी एक परदेशी बाई, मागंच उभी होती. हवाईसुंदरी आली. रंगनाथ तिला हात जोडून म्हणाला, "म्याडम, नंबर-बिंबर ठीक हाय, पर टावेल पहले हमारा पडला." सलीम दुसरीकडे तोंड करून हसत होता. मी त्या दोघांना ओळखत नाही असं दाखवून माझ्या नंबरावर जाऊन बसलो.

हुआ हिनला नाश्त्याच्या टेबलावर चार खुर्च्या. चौथीवर टॉवेल. समुद्रावर चार खुर्च्या. चौथीवर टॉवेल. माणूस समुद्रावर येतो ते पाण्यात जायला. हा पाण्यात येईना. "जागा सोडून?" असं विचारी, जणू मीच काहीतरी भलतं बोललो. समुद्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून दिवसभर बसायचा. एकदा एक दांडगा गोरा येऊन चौथ्या खुर्चीत बसला. रंगनाथ समोर उभा राहिला. "उठो साहेब. आदमी आनेवाला है." गोऱ्यानं खालचा टॉवेल पाहिला, त्याचा चेहरा उजळला. त्यानं पलीकडच्या रांगेत बोट दाखवलं. तिथं त्याचेही दोन टॉवेल पसरलेले होते. दोघांनी हात मिळवले. सलीम म्हणाला, "एक ही स्कूल के निकले दोनो."

त्यातच तो डबा. रंगनाथच्या बायकोनं दोन डबे दिले होते. एकात धपाटे आणि कारळाची चटणी, ते आम्ही दुसऱ्या दिवशी संपवलं. दुसरा डबा फडक्यात बांधलेला, आत डिंकाचे लाडू. विमानतळावरच्या तपासणीत उघडला तेव्हा मी पाहिले होते. पण हात लावू देईना. "हा न्हाई उघडायचा." आम्ही पन्नास बाथला एक वाटी शेवया खाऊन राहिलो होतो, आणि याच्या पिशवीत डिंकाचे लाडू बंद!

चा-आमला तिसऱ्या दिवशी दुपारी मी ठरवलं की आज सोक्षमोक्ष. रंगनाथ रोज जेवण झालं की अर्धा-एक तास नाहीसा व्हायचा. त्या दिवशी मी मागं गेलो. तो हमरस्त्यावर, बँकॉकहून व्हॅन येऊन थांबतात तिथं बाकावर बसला होता. शेजारी बाकावर टॉवेल. व्हॅन आली. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे त्यानं पाहिलं. व्हॅन गेली. तो पुन्हा बसला.

"रंगनाथ," मी म्हणालो, "कोण येणार आहे?"

तो दचकला. मग टॉवेल उचलून मला जागा दिली. "अविनाश."

अविनाश त्याचा मुलगा, एकुलता एक. सिंगापूरला नोकरीला आहे. गेली दोन वर्षं वाटूरला आलेला नाही.

"कामासाठी बँकॉकला येऊन राह्यला या हप्त्यात," रंगनाथ म्हणाला. "मी म्हनलं, आम्ही हौत जवळच. तर म्हनला, बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हंजे बघतो." त्यानं टॉवेलाची घडी घातली, पुन्हा मोडली. "तीन तासाचा रस्ता हाय मुनीम. जालना ते शेगाव बराबर. तेवढं तर मानूस येतोच ना?"

"मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

"आला असता तं दिसलाच असता. न आला तं सांगून काय करता?"

मला तिथं बसल्या बसल्या आठवलं. अविनाश परतूरच्या शाळेत जायचा तेव्हा रंगनाथ रोज सकाळी फाट्यावर आधी जायचा. पोरगं मागून यायचं, केस ओले, हातात दप्तर. तोवर खिडकीतून टॉवेल पडलेला असायचा. पोरगं खिडकीशी बसून वाचायचं. रंगनाथ त्या गाडीत चढायचाही नाही. खिडकीतून टॉवेल परत घ्यायचा आणि शेताकडे जायचा. शाळा संपेपर्यंत हे चाललं. आम्ही त्याला हसायचो.

मी कधी दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलत नाही. पण व्हॅनचं तिकीट मी तिथंच चौकशी करून पाहिलं. विमानतळावर दोन कॉफ्या घेतल्या तर त्याहून जास्त लागतात. तेवढ्या पैशात बाप भेटतो, आणि माणूस "बघतो" म्हणतो! परत आल्यावर मी हे सगळं सलीमला सांगितलं. त्यानं चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाला, "मुनीमजी, वो कुर्सी का हिसाब अब मत पूछना." मी म्हणालो, विचारत नाही. पण राग गेला नव्हता. आता तो फक्त खुर्चीवरून उठून दुसरीकडे गेला होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रंगनाथचा फोन वाजला. फोनवर पोराचं नाव पाहून तो उठला आणि बोलत बोलत चालू लागला. आम्हाला पहिली वाक्यं ऐकू आली. "हो हो. काम आधी. बिलकुल. आम्ही मजेत हौत, तू काळजी नको करू." मग तो पाण्याकडे गेला. दहा दिवसांत पहिल्यांदा. लाटा घोट्यापर्यंत आल्या, मग गुडघ्यापर्यंत. पायजमा भिजला तरी त्याला कळलं नाही. फोन केव्हाच बंद झाला होता, आणि तो तसाच कानाला धरून उभा होता. "ये रंग्या, जागा जाईल रे!" सलीमनं हाक मारली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शेवटच्या सकाळी आम्ही काठावर गेलो तेव्हा रंगनाथ आधीच तिथं होता. खुर्च्या चार. टॉवेल तीन. त्याच्या मांडीवर डबा होता आणि फडकं सोडलेलं होतं.

"खा," तो म्हणाला. "खराब होतील."

डिंकाचे लाडू महिनाभर टिकतात, हे मला माहीत आहे. सलीमलाही माहीत आहे. आम्ही एकेक लाडू घेतला. चांगला तुपातला होता. सलीम म्हणाला, "भाभी को बोल, जबरदस्त," आणि समुद्राकडे पाहत राहिला.

एवढ्यात हुआ हिनचा तो दांडगा गोरा आला; तोही आता चा-आमला येऊन पोचला होता. रिकामी चौथी खुर्ची पाहून त्यानं भुवया उडवल्या. बसू का? रंगनाथनं हातानंच सांगितलं, बसा.

मी उठलो. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चौथ्या खुर्चीवर टाकला. मला सवय नाही, तो वाकडा पडला, अर्धा वाळूत. मी तो नीट केला.

"नो साहेब," मी म्हणालो. "जागा धरलीय."

गोऱ्यानं मान डोलावली आणि गेला. रंगनाथ माझ्याकडे बघत राहिला. "मुनीम, तिघाला चार कशाला? फुकट खर्चा."

"खर्चा माझा आहे," मी म्हणालो. "तू पाण्यात जाऊन ये. जागा मी बघतो."

तो थोडा वेळ बसला. मग उठला, पायजमा वर खोचला आणि सलीमबरोबर पाण्याकडे गेला.

मावशी आल्या. त्यांनी टॉवेल मोजले. मी बोटं दाखवली नाहीत. त्यांना दोनशे बाथ दिले: दीडशे सामाईक खर्चातून आणि पन्नास माझ्या खिशातून.